चैतीचा राब

चैतीने काडी ओढली आणि वॉचमन रोहिदासने ती फुंकून विझवली. तिसऱ्यांदा.

"साहेबांचा हुकूम हाय, काकी. हितं जाळ करायचा नाय."

रोहिदास त्याच पाड्यातला. पगार कंपनीचा, म्हणून तोंडही कंपनीचं.

चार दिवस डोक्यावर शेण, पाला, फांद्या वाहून चैतीने वाफ्यावर राब रचला होता. राब भाजला नाही तर पावसात नाचणीच्या रोपाआधी तण माजतं. रोप गेलं की वर्षाची भाकर गेली. पण हे त्या साहेबाला कोण सांगणार? त्याची भाकर थोडीच राबावर येते!

साहेब वर बांधावर छत्री धरून उभा होता. त्याच्यामागे कचऱ्याचा डोंगर. आठ वर्षं कंपनीचे डंपर शहरांची घाण आणून इथं ओतत होते, पाड्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. आता म्हणे त्या घाणीतून गॅस निघतो. डोंगरात नळ्या खुपसल्या आणि गॅस पेटवून दिला. पाड्यातली एक चूल त्यावर पेटत नाही, पण नळीच्या तोंडाशी जाळ दिवसरात्र भडभडतोय. आणि हवा कोण बिघडवतं? तर चैती! चोराच्या उलट्या बोंबा.

"समजून घ्या, बाई," साहेब वरूनच म्हणाला. "आमचा गॅस तसाच सुटला तर फार वाईट, म्हणून आम्ही तो जाळतो. तो चांगला जाळ आहे. तुमचा नुसता धूर. शिवाय सगळा गॅस नळीत येत नाही, थोडा झिरपतो. भडका उडेल."

"मंग तुमच्या जाळानं नाय उडत?"

साहेबाने छत्री दुसऱ्या हातात घेतली.

चैतीने काड्यापेटी रोहिदासच्या अंगावर फेकली. राबातली एक वाळकी फांदी ओढली आणि ती तरातरा चढ चढून गेली. "अहो बाई, अहो!" करत साहेब बाजूला झाला. माणसाएवढ्या उंचीच्या त्या नळीच्या तोंडाशी तिने फांदी धरली. फांदी भक्कन पेटली.

ती खाली आली तेव्हा रोहिदास राबापुढे आडवा उभा होता.

"फुंक की," चैतीने फांदी त्याच्या तोंडापुढे धरली. "साहेबाचा जाळ हाय. चांगला जाळ. फुंक!"

रोहिदासने वर साहेबाकडे बघितलं. साहेब आपल्याच जाळाकडे बघत होता. मग रोहिदासने तोंड मिटलं आणि वाट सोडली.