एकोणीस की बावीस

“एकोणीस!” ताईनं वहीवर पेन आपटलं. “एकेक वस्तू मोजलीये मी. तुमचं यंत्र बावीस म्हणत असेल, तर तुमचं यंत्र चुकतंय.”

राउटरवाला गालातल्या गालात हसला. त्यानं टेबलावर दोन खोकी मांडली होती, एक लहान, एक मोठं. वायफायवर एकोणीस वस्तू असतील तर लहान राउटरवर भागणार होतं. बावीस असतील, आणि त्यातल्या काही भिंतीपलीकडे, तर मोठाच घ्यावा लागणार होता.

मोजण्यात ताई चुकणं शक्यच नव्हतं. वीस वर्षं ती लायब्ररी सांभाळत होती. घरातसुद्धा बिननावाची वस्तू तिला खपत नसे. ‘नवरा-फोन’, ‘थोरला-लॅपटॉप’, ‘दारावरची-बेल’, सगळ्यांची नावं तिनं स्वतः घालून दिलेली. हल्ली मात्र सगळ्यांचंच नेट अडखळत होतं. काल थोरल्याची ऑनलाइन परीक्षा ऐन मध्यावर बंद पडली आणि ताईचा पारा चढला. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून तिनं रजा टाकली होती.

“म्हणजे तिघं फुकटे शिरलेत,” ती म्हणाली. “नवा राउटर, नवा पासवर्ड. बसा म्हणावं बोंबलत! वाचा बघू त्यांची नावं.”

राउटरवाल्यानं फोनवरची यादी खाली सरकवली. “चिंगी-फोन. चिंगी-टीव्ही.”

नावं टिपायला उचललेलं पेन ताईनं खाली ठेवलं. ही नावं तिचीच, घर एक होतं तेव्हाची. चिंगी म्हणजे तिची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी आईच्या पुस्तकांच्या कपाटावरून दोघींची जुंपली, घराची वाटणी झाली, मध्ये भिंत आली. चिंगीचं दार मागच्या गल्लीत गेलं आणि बोलणं बंद झालं. तीन आठवड्यांपूर्वी भिंतीपलीकडून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा ताई भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. पण मुलगा की मुलगी, एवढंही तिनं कुणाला विचारलं नाही. आधी तिनं बोलावं, मी का म्हणून?

“आणि तिसरं?” तिनं हळूच विचारलं.

“हा कॅमेरा आहे, पाळण्यावर लावतात तसला. नवीनच दिसतोय. नाव मात्र गमतीचं दिलंय.” त्यानं फोन तिच्यापुढे धरला. “‘मावशीची-लाडकी’.”

ताईनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मुलगी झाली होती. आणि ही यादी कधी ना कधी तपासणारं घरात एकच माणूस आहे, हे चिंगीला पक्कं ठाऊक होतं.

“मग, तिघांना काढून टाकू ना?”

“खबरदार!” ताई उठलीच. “मोठा लावा. तोही त्या भिंतीलाच. आणि पासवर्ड जुनाच ठेवा.”

“ठेवतो की. पण बदलताना दहा मिनिटं सगळं बंद राहील, ताई. पाळण्यावरचा कॅमेरासुद्धा.”

ताईनं एव्हाना पायात चपला सरकवल्या होत्या.

“तुमचं चालू द्या सावकाश. तोवर मी बसते पाळण्यापाशी.”