मागची सीट

गोपाळकृष्ण वकील अयूबच्या गॅरेजात येऊन ओरडले, "एवढी नवी साडेतीनशे सीसीची फटफटी, आणि किल्ल्याचा चढ चढताना धापा टाकते! तुझ्या हाताला कसबच नाही."

संतापलेला अयूब स्वतःच गाडी घेऊन निघाला. इंजिनाचे ठोके खणखणीत पडत होते. चढावर मात्र गाडी ओढेना. त्याने वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती, पण तिच्या स्प्रिंगा कुणी बसल्यासारख्या दबल्या होत्या.

"उतर खाली!" तो चिडून ओरडला.

स्प्रिंगा करकरत वर आल्या. गाडी हलकी होऊन सुसाट सुटली.

अयूब गाडी वळवून गॅरेजात परतला. वकिलांनी मागच्या सीटकडे पाहिलं आणि त्याची कॉलर धरली.

"अरे मेल्या, तिला कुठे सोडलंस?"