उघडून बघायची रीत

होला पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडला, त्या सकाळी वेंडेल प्रुइटच्या बंदुकांच्या दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. कॉफीचं मोठं भांडं मात्र त्याने सवयीने चढवलं होतं.

पूर्वी या दिवशी आमचं अर्धं गाव इथे लोटायचं. काउंटरमागे म्हातारा ऑर्विल, वेंडेलचा बाप. काउंटरवर ओफेलिया बुस्तामान्तेने आणलेली, मक्याच्या पानात उकडलेल्या गरम तामालेंची टोपली. कोणी काडतुसं घ्यायला येई, कोणी नुसत्या गप्पा हाणायला. बंदूक घ्यायला आलेल्याची मात्र परीक्षा असे. ऑर्विल बंदूक त्याच्या हातात द्यायचा आणि गप्प उभा राहायचा. घेणाऱ्याने आधी ती उघडून, आत काडतूस नाही ना हे बघितलं, तरच पुढची बोलणी. न बघता मिरवत खांद्याला लावली, की म्हातारा ती काढून घेऊन परत भिंतीला अडकवायचा. "आज नाही," एवढंच म्हणायचा. एकदा तर खुद्द शेरीफला आज नाही म्हणाला होता. गाव महिनाभर हसत होतं. काय दिवस होते ते.

दाराची घंटी वाजली. ओफेलियाच होती. काळ्या कपड्यात, काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. वेंडेलने आधी तिच्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. टोपली नव्हती.

"या, दोन्या ओफेलिया. बसा. कॉफी ओततो." सगळं गाव तिला मानाने दोन्याच म्हणायचं.

"बसायला नाही आले."

तिने घोंगडी सोडली. आत तिच्या नवऱ्याची दुनळी बंदूक होती. लग्नाच्या वर्षी एवारिस्तोने ती ऑर्विलकडूनच घेतली होती आणि पहिल्याच फटक्यात परीक्षेला उतरला होता. ते तो मरेपर्यंत सांगायचा.

"एवारिस्तो गेला," ती म्हणाली. "हंगामाला फर्मिन तरी यायचा. आता ही कोणासाठी ठेवू?"

फर्मिन तिचा भाचा. सरहद्दीपलीकडे सोनोरात शाळेची बस चालवायचा. वसंतात तस्कर टोळ्यांच्या गोळीबारात सापडून गेला. तिथे मिळालेल्या रायफलींपैकी एकीचा नंबर प्रुइटच्या दुकानाचा निघाला, आणि तेव्हापासून कोपऱ्यातल्या टीव्हीला दुसरा विषय नव्हता. आत्ताही चौकशी समितीतले दोन पुढारी एकमेकांवर बोटं रोखून भांडत होते. वेंडेलने आवाज बंद ठेवला होता. ओफेलियाने तिकडे हनुवटी उडवली.

"पुढच्या आठवड्यात तुलाही तिथे साक्षीला बोलावलंय म्हणे."

"बोलावलंय ना. एक पक्ष म्हणतो, सरकारने गळा धरून विकायला लावलं असं सांग. दुसरा म्हणतो, पैशाला हपापलो होतो असं कबूल कर. फर्मिनचं नाव दोघांनाही धड घेता येत नाही."

"आणि तू काय सांगणार?"

"झालं ते. सरकारी माणसं इथेच बसली होती, दोन्या. म्हणाली, तुझ्याकडे येणारी ही पोरं तस्करांसाठी बंदुका घेतात हे आम्हाला ठाऊक आहे. तू विकत राहा, आम्ही मागावर राहतो. मोठा मासा गळाला लागेल."

"लागला?"

"नाही."

"आणि गळ?"

"गळ गेला. दोरीसकट."

ती जराशी हसली. तेवढ्यानेही वेंडेलला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत त्याच्यासमोर कोणी हसलं नव्हतं.

"एक विचारते. बंदूक हातात दिलीस की ती पोरं उघडून बघायची का?"

वेंडेलने कॉफीच्या भांड्याखालची आच कमी केली.

"एकानेही नाही बघितली."

"तुला दिसत होतं?"

"दिसत होतं. 'आज नाही' पार ओठांवर यायचं. मग मागच्या खोलीत कॅमेऱ्यावर डोळे लावून बसलेला साहेब आठवायचा. वाटायचं, सरकार बघतंय ना, मग मी कशाला बघू?"

ओफेलियाने भिंतीवरच्या बंदुकांकडे नजर वळवली. त्याला ते सहन होईना. साठीचा माणूस, पण डोळे भरून आले.

"पुढारी काय म्हणायचं ते म्हणोत. मला त्यांची पर्वा नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, पुढच्या साली टोपली घेऊन याल ना?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी हाच पोरगा तिच्या टोपलीतलं पहिलं तामाले पळवायचा. मग तिने दुनळी उचलली आणि काउंटरवरून त्याच्यापुढे धरली.

"घे. इथूनच गेली होती, इथेच राहू दे."

वेंडेलने दोन्ही हातांनी बंदूक घेतली आणि छातीशी धरली. एवारिस्तोचा गाल टेकून टेकून दस्त्याचं लाकूड एका जागी गुळगुळीत झालं होतं. त्या जागेवरून तो अंगठा फिरवत राहिला. त्याच्या लेखी ही माफीच होती.

ओफेलिया काउंटरला हात टेकून गप्प उभी राहिली. बराच वेळ थांबली.

मग तिने हात पुढे करून बंदूक त्याच्याकडून काढून घेतली. कळ दाबून उघडली, नळ्या खिडकीकडे धरल्या आणि आरपार बघितलं. रिकामी होती. तिने ती मिटली, घोंगडीत नीट गुंडाळली आणि काखेत घेतली.

वेंडेलचे हात अजून तसेच, छातीशी.

"आज नाही, पोरा," ती म्हणाली.