सुजलेला डोळा

“अगं मार, हात सोड!” बॉक्सिंग रिंगच्या कोपऱ्यातून सर घसा फोडून ओरडत होते. समोरच्या मुलीचा चेहरा मोकळा सापडला होता, पण केतकीचा हात पुढे जाईना. चुकलं तर उलटा ठोसा बसेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती हरली.

जिंकलेली मुलगी रिवाजाप्रमाणे केतकीच्या सरांच्या पाया पडायला आली. “सर, माझा डोळा कालच्या लढतीत सुजलाय. ताईनं तो बघून मारलंच नाही. केवढं मोठं मन!” आसपासच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरं काय ते सांगून टाकावं, असं केतकीला वाटलं. पण तिनं नुसतीच मान डोलावली.

सरांचा राग क्षणात निवळला. “मग आधी सांगायचं नाही का, पोरी?” म्हणत त्यांनी तिचे ग्लोव्हज काढले, हातावरची पट्टी उलगडली. आत मूठ अजून आवळलेलीच होती. घाबरलेला बॉक्सर ठोशाआधीच मूठ आवळतो आणि मग त्याचा हात सुटत नाही, हे सरच रोज शिकवायचे.

सरांची नजर त्या मुठीवर थांबली. मग लोकांकडे पाठ करून ते तिचं एकेक बोट हळूच सोडवू लागले.