सवत

भेकर भुंकलं आणि रखवालदाराचा चेहरा खुलला.

"बघा," तो नव्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "मी दिसलो की अशी बोलते. परवा संचालक येऊन गेले, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही."

अकरा वर्षं हे चाललं होतं. प्राणिसंग्रहालयात हरणं ढिगानं होती, पण कुत्र्यासारखी भुंकणारी ही एकटीच. उंची गुडघ्याच्या जरा वर, आवाज मात्र बंगल्याच्या राखणदाराचा. घरी बायको तिला सवत म्हणायची. "आज काय म्हणाली सवत?" हे विचारल्याशिवाय ताट वाढायची नाही. सवतीपायी त्यानं दोनदा बढती नाकारली होती. कार्यालयातल्या खुर्चीला बघून कोण भुंकणार? तिसऱ्या नकाराचा कागद आज खिशात होता.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "दादा, इथं यायच्या आधी कुठं होतात?"

"रोजच्या जागी. बिबट्याचा पिंजरा धुतला आणि सरळ इकडे."

"याच बुटांनी?"

"एकच जोडी मिळते, बाई."

"भेकर लाडानं भुंकत नाही हो. बिबट्याचा वास आला की भुंकतं. 'आला, पळा!' असं ओरडते ती."

पिंजऱ्यात ती एकटीच असताना पळायचं कुणी, हे त्यानं विचारलं नाही. तो बुटांकडे बघत राहिला. अकरा वर्षं हिचं सगळं लक्ष बिबट्याकडे, आणि हा नुसता निरोप्या.

नकाराचा कागद त्यानं तिथंच फाडला. बढतीच्या होकाराचा अर्ज लिहून खिशात घातला. उद्या दुपारपर्यंत द्यायचा होता.

"काय म्हणाली सवत?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. वाढ."

दुसऱ्या दिवशी त्यानं बूट खोलीतच ठेवले. बिबट्याकडे गेलाच नाही. साबण लावून पाय धुतले आणि अनवाणी तिच्यासमोर उभा राहिला.

ती पेरू खात होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं, आणि पुन्हा पेरूकडे. जणू कुणी नळ दुरुस्त करायला आलंय.

तो खोकला. ती चावत राहिली.

"अगं, मी आहे," तो म्हणाला.

तिनं दुसरा पेरू घेतला.

रखवालदार मुकाट्यानं परत फिरला. बूट चढवले, बिबट्याच्या पिंजऱ्यात दोन चकरा जास्तच मारल्या, आणि मग तिच्याकडे गेला.