रक्तवाहिन्यांचं वय

चिपळूण डेपोच्या तपासणी खिडकीत विश्राम घागने हात सरकवला. यंत्राने मनगटावर प्रकाश टाकून त्याच्या रक्तवाहिन्यांचं वय सांगितलं: अठ्ठावन्न. विश्राम स्वतः बावन्न वर्षांचा. साठच्या वर आकडा गेलेल्या ड्रायव्हरला घाटातली गाडी मिळत नसे, आणि सहा महिन्यांपूर्वी त्याचा आकडा एकाहत्तर होता.

तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "साखरेचा आजार वेगळा, हृदयाचा वेगळा, असं समजू नका. तंबाखू, तळलेलं खाणं, तासन् तास बसणं, अपुरी झोप. दोन्ही आजारांकडे हीच वाट जाते, आणि रक्तवाहिन्याही यानेच म्हाताऱ्या होतात."

विश्रामने तंबाखू सोडली. बायको वनिता त्याला रोज सकाळी वाशिष्ठी नदीकाठी चालायला ओढून न्यायची. ताटातला भात कमी झाला, उसळ वाढली.

"कुंभार्ली घाटाची गाडी मिळाली!" बाहेर थांबलेल्या वनिताला त्याने सांगितलं. "तुझ्यामुळे गं."

वनिताचे डोळे भरून आले. "तेव्हा मीही इथे तपासून घेतलं होतं. माझाही आकडा अडुसष्ट होता. तुम्हाला घोर नको म्हणून बोलले नाही."

विश्राम तिला खिडकीपाशी घेऊन गेला आणि तिचा हात धरून आत ठेवला. आकडा उमटला: सत्तावन्न.

"माझ्याहून तरुण झालीस की!" तो म्हणाला, आणि वनिता भर डेपोत खळखळून हसली.