सुधारित हमीपत्र

दुभाषी बाई हमीपत्र मोठ्याने वाचून दाखवत होत्या. शेजारच्या देशाच्या कायदा खात्याने ते पाठवलं होतं : आरोपी आमच्या ताब्यात द्या, आम्ही त्याला नीट वागवू. स्वतंत्र खोली, नऊ चौरस मीटर. खिडकी. रोज तासभर मोकळी हवा. आठवड्यातून दोनदा गरम पाणी. न्यायाधीश एकेका बाबीला मान डोलावत होते. एवढी बडदास्त ऐकून कुणालाही वाटावं, जावईबापूच निघालेत.

“शिक्षेची अकरा वर्षं पूर्ण होईपर्यंत हीच खोली त्याच्याकडे राहील,” बाईंनी वाचलं आणि त्या अडखळल्या. तिकडे खटला अजून उभाच राहिला नव्हता.

न्यायाधीशांनी इथेही मान डोलावली. दुभाष्याने पदरचा शब्द घालायचा नाही, हा नियम बाईंनी बावीस वर्षं पाळला होता. आजही त्यांनी तो मोडला नाही. तेच वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, सावकाश.

आरोपीचे वकील ताडकन उठले. “साहेब, हा इंजिनिअर आहे. सरकारी पुलाच्या भेगा याने उघड केल्या, एवढाच गुन्हा. तिथले न्यायाधीश वर विचारून निकाल देतात, हे मी सकाळपासून सांगतोय. आता तर त्यांनीच लिहून दिलंय.”

न्यायालयाने तातडीने खुलासा मागवला. एरवी ते खातं महिनोन्‌महिने पत्राला दाद देत नसे. आज मात्र जेवणाची सुट्टी संपायच्या आत सुधारित हमीपत्र हजर. टंकलेखनातली चूक, क्षमस्व. बाईंनी मुकाट्याने भाषांतर करून दिलं.

“पहिलं पत्र त्यांनी मागे घेतलंय,” न्यायाधीश म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. “दुसऱ्या देशाच्या न्यायालयावर अविश्वास दाखवायचा, तर कागदावर काहीतरी लागतं.” आणि त्यांनी आरोपीला तिकडे पाठवण्याचा हुकूम दिला.

पोलीस इंजिनिअरला मागच्या दाराने घेऊन गेले. निरोपाचा हात करायला तो दारात वळला, पण दोन्ही हात बेडीत होते.

बाहेर व्हरांड्यात त्याची बायको बाकावर बसली होती. इथली भाषा तिला जेमतेम कळायची; अकरा वर्षांचं तेवढं वकिलांनी सुट्टीत तिला सांगितलं होतं. बाई तिच्याजवळ जाऊन टेकल्या. आपण ते वाक्य दोनदा वाचलं, याचा सकाळी वाटलेला अभिमान आता त्यांना टोचत होता.

“ताई, ती अकरा वर्षं पत्रातून काढली का त्यांनी?”

“काढली.”

“मग तिथे किती घातली?”

“काहीच नाही. ‘शिक्षा पूर्ण होईपर्यंत’, एवढंच ठेवलंय.”

तिने बोटांवर वर्षं मोजली.

“अकराच राहू द्यायची होती,” ती म्हणाली. “धाकटीच्या अठराव्या वर्षी ते घरी आले असते.”